बाबांच्या नावावर म्हाकुल पकडायचा परवाना : सिअ‍ॅटलमधला माझा अनुभव

सिअ‍ॅटलच्या आसपास राहणाऱ्या आणि हिवाळ्यात आईवडिलांना इकडे बोलावणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. रात्री धक्क्यावर उभं राहून म्हाकुल (स्क्विड) पकडणं अजिबात अवघड नाही. पाहुण्या माणसाच्या नावावर त्याचा परवाना काढताना मात्र घाम फुटतो. परवान्याच्या काउंटरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इथली म्हाकुलं लहान, जेमतेम वीतभर. आयुष्य वर्षभराचंही नसतं. उन्हाळ्याच्या शेवटी ती समुद्रातून हुआन द फुका सामुद्रधुनीतून आत शिरतात आणि दक्षिणेकडे सरकत सरकत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिअ‍ॅटलला, नंतर टकोमाकडे पोचतात. एडमंड्सचा मासेमारीचा धक्का, वेस्ट सिअ‍ॅटलचा सीक्रेस्ट, टकोमाचा लेस डेव्हिस हे नेहमीचे धक्के. थंडीच्या चांगल्या रात्री कठड्याला खांदा लावून उभं राहावं लागतं, इतकी गर्दी असते. व्हिएतनामी आजोबा, फिलिपिनो मावश्या, कोरियन जोडपी, आणि प्रत्येकाच्या पायाशी बादली.

माझा परवाना घरबसल्या निघाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बाबा नोव्हेंबरात आले. ते मालवणचे, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याच्या दोरीला हात लावत मोठे झालेले. त्यांना मी पहिल्या रात्री एडमंड्सला घेऊन गेले. इथे वॉशिंग्टन राज्यात १५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो. एकाच्या परवान्यावर दुसऱ्याने काठी धरायची नाही. त्यामुळे ज्या माणसाने मला गळ बांधायला शिकवला, तो माणूस जॅकेटच्या खिशात हात घालून माझ्या मागे उभा होता. माझ्या जिगला, म्हणजे म्हाकुलासाठीच्या काटेरी गळाला, म्हाकुल लागलं की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि मग ते तो मागे घ्यायचे. घरी येताना गाडीत म्हणाले, "माका नुस्तो उभो करून ठेवलंस गो." मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परवान्याच्या मागे लागले.

ऑनलाइन फॉर्म सोशल सिक्युरिटी क्रमांकाशी अडला. मासे पकडायला हा क्रमांक कशाला, असं कुणालाही वाटेल. मुलांची पोटगी बुडवणाऱ्यांना शोधता यावं म्हणून केंद्रीय कायद्याने असल्या परवान्यांच्या अर्जातही तो मागायला लावला आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाकडे तो क्रमांक नसतोच. फॉर्म पुढे सरकेना. परवाने देणाऱ्या राज्याच्या मासे-वन्यजीव खात्याला फोन केला तर संगीत, मग आणखी संगीत, मग फोन कट. पुन्हा लावला तेव्हा सांगितलं की परवाने विकणाऱ्या दुकानात पासपोर्ट घेऊन जा, तिथे होईल.

ते दुकान म्हणजे खेळाच्या आणि शिकारीच्या सामानाचं भलंमोठं दालन. हरणांच्या शिकारीचे दिवस, त्यामुळे काउंटरवर नारिंगी टोप्यांची रांग. बाबा पूर्ण वेळ उभे होते. आमचा नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलाने राज्याचं ओळखपत्र मागितलं. नाही म्हटल्यावर पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. जन्मतारीख आपल्या पद्धतीने आधी दिवस, मग महिना अशी. त्याने ती तशीच टाकली आणि यंत्राने अर्थातच नाकारली. मी उलटी करून सांगितली. मग पत्ता. मालवणचा पिनकोड ४१६६०६, सहा आकडी. रकान्यात जागा पाचच आकड्यांना. मग उंची फुटांत, वजन पौंडांत, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग. बाबांना हे प्रश्न मराठीत सांगताना मला संकोच वाटत होता. ते हळूच म्हणाले, "मी काय चोर आसंय?"

एवढं होऊन पुन्हा तोच रकाना. क्रमांक नाही तर परवाना नाही, मुलाने जाहीर केलं. मी म्हटलं, तुमच्याच खात्याने फोनवर इकडे पाठवलंय. तो म्हणाला, सिस्टीम घेत नाही. मॅनेजर आला, त्याने त्याच पडद्याकडे पाहून तेच वाक्य म्हटलं. शिवाय बाबांचं वय ऐकून त्याने ज्येष्ठांचा स्वस्त परवाना सुचवला. हे लक्षात ठेवा: ७० वर्षं पूर्ण झालेल्यांची ती सवलत राज्याच्या रहिवाशांनाच आहे. रहिवासी म्हणजे ज्याचं इथे ९० दिवस कायमचं घर आहे आणि ज्याला इथेच राहायचं आहे. सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील ९० दिवस उलटले तरी रहिवासी होत नाहीत. स्वस्त मिळतोय म्हणून तो घेऊ नका. उद्या धक्क्यावर अधिकाऱ्याने तपासला तर उत्तर आईवडिलांना द्यावं लागेल, दुकानदाराला नव्हे.

बाहेरच्या राज्यातल्या किंवा देशातल्या माणसासाठी वर्षाचा परवाना महाग पडतो. आणि इथलं परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे नोव्हेंबरात घेतला तरी मार्चअखेर संपतो. पाहुण्यांसाठी एक, दोन किंवा तीन दिवसांचा एकत्रित परवाना असतो. गोडं पाणी, खारं पाणी आणि शंख-शिंपले-म्हाकुल, सगळं त्यात येतं. मॅनेजर मला ठामपणे सांगत होता की तो फक्त माशांसाठी आहे. मी खात्याची नियमपुस्तिका फोनवर उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने ती वाचलीही नाही. मागच्या नारिंगी टोप्या कुरकुरायला लागल्या आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं गेलं. बाबांनी पासपोर्ट रुमालात गुंडाळला, वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "जाऊंदे गो, मी बघीन तुझा."

मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. त्याच दुपारी धक्क्याजवळच्या एका छोट्या आमिषाच्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट घेतला, मला एकही प्रश्न न विचारता जन्मतारीख बरोबर टाकली, देश निवडला. देश निवडल्याबरोबर पिनकोडचा प्रश्न मिटला. क्रमांक नसल्याची खूण केली, बाबांकडून तसं तोंडी विचारून घेतलं आणि कागद छापून हातात दिला. चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सिस्टीम सगळं घेत होती. आधीच्या दुकानातल्या दोघांना ती वापरता येत नव्हती आणि त्यांना ते कबूल करायचं नव्हतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या काउंटरच्या नकाराला नियम समजू नका. दालनं सोडा, जिथे मासेमारी करणारेच लोक बसतात तिथे जा.

त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. थोड्या दिवसांचा परवाना छापलेल्या तारखेला चालतो आणि म्हाकुलाची रात्र मध्यरात्र ओलांडते. एका दिवसाचा घेतलात तर बाराच्या ठोक्याला काठी खाली ठेवावी लागेल, आणि कित्येकदा म्हाकुल बारानंतरच येतं. दोन किंवा तीन दिवसांचाच घ्या. तारीखही भरती-ओहोटीचा तक्ता बघून निवडा. अंधार पडल्यानंतर पूर्ण भरती येणारी रात्र हवी, भरतीच्या आधीचा आणि नंतरचा तास-दीड तास सर्वांत चांगला. वाऱ्याचा अंदाजही त्याच वेळी पाहा. परवाना काढून झाल्यावर तक्ता उघडण्यात अर्थ नाही.

बाबांच्या हातात काठी आली आणि मला काही शिकवावं लागलं नाही. दोरी हलकी, शेवटाला वजन, वर जिग. एका दोरीला जास्तीत जास्त चार चालतात. मी दोनच लावते, गर्दीत गुंता कमी होतो. जिग तळापर्यंत सोडायची, हळू उचलायची, थांबायचं. म्हाकुल ओढत नाही, फक्त काठी किंचित जड होते. ते जाणवलं की थांबायचं नाही, एकसारखं गुंडाळत वर आणायचं, कारण जिगच्या काट्यांना अडकवून धरणारा उलटा दात नसतो आणि दोरी सैल पडली की ते सुटतं. बाबांना तो जडपणा माझ्याआधी कळायचा. "इला गो, इला!" असं ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या मावशी हसल्या आणि त्यांनी आपली बादली सरकवून बाबांना जागा करून दिली. शाई पाण्यावरच सोडू द्या, कठड्याच्या आत घेण्याआधी क्षणभर लटकवून धरा. आमच्या दोघांच्या जॅकेटांवरचे डाग अजून आहेत.

दिव्यांवर बाबा पहिल्या रात्रीपासून अस्वस्थ होते. "हयसर लायटी चालतत?" त्यांचा प्रश्न साधा नव्हता. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी आहे आणि तरीही ती चालते म्हणून मालवणच्या पारंपरिक मच्छिमारांनी किती आंदोलनं केली ते त्यांनी पाहिलंय. मी त्यांना सांगितलं की इथे धक्क्यावर हौशी माणूस हाताने एकेक पकडतो आणि माणशी दिवसाला १० पौंड किंवा पाच क्वार्टची मर्यादा आहे, म्हणजे साधारण साडेचार किलो किंवा पावणेपाच लिटर. प्रत्येकाची बादली वेगळी लागते, दोघांची मिळून एक चालत नाही, हे नवरा-बायकोंनीही लक्षात ठेवावं. बाबांना ती मर्यादा पटली. दिवा थेट पाण्यावर मारण्यापेक्षा उजेड आणि सावलीच्या कडेला जिग सोडा, म्हाकुलं तिथे दबा धरून असतात. चमकणारी जिग टॉर्चखाली धरून मधूनमधून उजळावी लागते. सील आलं की मात्र काठी टेकवून कॉफी प्या, म्हाकुलं पांगलेली असतात.

परवान्याच्या दुसऱ्या रात्री ऑफिसमधल्या मित्राच्या होडीतून एलियट बेमध्ये गेलो. डॉन आर्मेनीच्या उतारावरून होडी पाण्यात सोडली. होडीवर म्हाकुल जास्त मिळालं, गर्दी नव्हती, बाबा खूश. तरी पहिल्यांदा नेताना मी धक्काच सुचवेन. हिवाळ्यात पाणी आठ-नऊ अंश सेल्सियस असतं, पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. लाइफ जॅकेट माणशी एक होडीत असायलाच हवं. आईवडिलांना मी ते पहिल्यापासून अंगावर चढवायला लावेन. १५ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठं इंजिन चालवणाऱ्याकडे, तो १ जानेवारी १९५५ नंतर जन्मलेला असेल तर, राज्याचं होडी-शिक्षणाचं कार्ड लागतं. मित्राला निघण्याआधी विचारा. परवाने होडीवरही प्रत्येकाचे वेगळे, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बाबांचा पहिल्याच रात्री भिजला होता.

साफ करताना आतलं पारदर्शक पातं आणि चोच काढली की झालं. सुकं करायचं असेल तर वाटण आधी शिजवून घ्या आणि म्हाकुल शेवटी दोन-तीन मिनिटंच टाका. जास्तीचं साफ करून गोठवलं तर चवीत फरक पडत नाही. बाबांनी आईसाठी मालवणला न्यायचा हट्ट धरला होता, तो मी मोडून काढला.

छापलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. खात्याकडे आता बाबांची नोंद आहे, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात ते आले की डोळ्यांचा रंग आणि वजन पुन्हा कुणाला सांगायला लागू नये अशी माझी अपेक्षा आहे. तरीही पासपोर्ट घेऊन मी थेट त्या आमिषाच्या दुकानातच जाणार.