पहिल्या नंबरचा ऑप्शन

मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला मॅथ्स शिकवतो. सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पोरं आणि त्यांचे आईवडील स्टाफरूमच्या दारात येऊन थांबतात, सर एवढ्या पर्सेंटाइलला सरकारी लागंल का, एवढंच विचारायचं असतं. २०२५ च्या जुलैतला एक दिवस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

कॅप म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, तिच्या पहिल्या राऊंडचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजं आवडीच्या क्रमानं लिहायचा फॉर्म, भरायचा शेवटचा दिवस होता. दुपारी दीडला माझी एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. ९७.८ पर्सेंटाइल, ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर आणि जातीची व्हॅलिडिटी दोन्ही तयार, म्हणजे कागदपत्रांचं टेन्शन नव्हतं. फॉर्म गावातल्या एका कौन्सेलिंगवाल्याकडून पैसे देऊन भरून घेतलेला, फक्त कन्फर्म करायचा बाकी होता. वडिलांनी घडी घातलेली प्रिंट पुढे केली, "सर, तेवढं बरुबर हाय का बघा."

मी बघितलं आणि पोटात गोळाच आला. एक नंबरला पुण्यातलं एक खाजगी कॉलेज, कॉम्प्युटर ब्रँच. सीओईपी, म्हणजे पुण्याचं नावाजलेलं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज, पार चौदाव्या नंबरला.

तिला ते खाजगी कॉलेज लागणारच होतं, त्यात शंका नव्हती. आणि पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, पुढच्या राऊंडला जाताच येत नाही. म्हणजे पोरीची सरकारी विद्यापीठाची वाट त्याच दिवशी बंद. वडील म्हणाले, "त्यांनी सांगितलं, अवघड कॉलेज वर टाकलं तर हातातलं बी जातंय." हा गैरसमज मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी जीव जळतो. सीटा वाटणारा कॉम्प्युटर मेरिट नंबरप्रमाणे एकेका पोराची यादी वरून खाली वाचत येतो, वरचं नाही बसलं तर त्याच मेरिटवर खालचं बघतो. वर अवघड टाकल्यानं खालचं काही जात नाही, पण सोपं वर टाकलं की खालचं सगळं गेलंच म्हणून समजा.

मग वडिलांना, म्हणजे काकांना, पर्सेंटाइल समजावलं, कारण त्यांच्या मते ९७ टक्के पडले म्हणजे काहीही मिळतंय. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला त्या वर्षी चार लाखांच्या वर पोरं बसलेली, ९७.८ म्हणजे नऊ हजारांच्या आसपास पोरं पुढे. सीओईपीचं कॉम्प्युटर ९९ च्याही वर संपतं, ते नाही मिळणार, हे मी स्पष्ट सांगितलं, खोटी आशा लावून काय फायदा. पण ओबीसी आहे, मुलींच्या ३० टक्के जागा आहेत, त्यामुळे बाकी ब्रँचला चान्स चांगला होता. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर असतात, ते काढून त्यांच्यासमोर ओळ ओळ वाचले.

मग मी तिला विचारलं, तुला काय पाहिजे गं? ती वडिलांकडे बघायला लागली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "सर, मला सिव्हिल." काका एकदम, "पोरीच्या जातीनं उन्हात साईटवर उभं ऱ्हायचं का?" मी मध्ये पडलो नाही, तीच बोलली. धरणाचं बोलली, पाण्याचं बोलली, उन्हाळ्यात गावात टँकर येतो त्याचं बोलली, दोन वर्षांत माझ्या वर्गात एवढं सलग कधी बोलली नव्हती. काका गप्प झाले, मग म्हणाले, टाका.

सीओईपी सिव्हिल एक नंबरला, मग मुंबईचं व्हीजेटीआय, मग सांगलीचं वालचंद, मग कराडचं सरकारी, नांदेडचं एसजीजीएस, आणि काकांच्या समाधानासाठी ते खाजगी कॉम्प्युटर सगळ्यात खाली, अशी यादी कागदावर तयार झाली. काकांना खर्चाची काळजी होती, तर २०२४ च्या जीआरनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना कॅपमधून ॲडमिशन घेतलं की ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आता लॉगिन करायचं तर पासवर्ड कौन्सेलिंगवाल्याकडे, तो फोन उचलेना. रिसेट करायचं तर ओटीपी काकांच्या मोबाईलवर, आणि मोबाईल घरी चार्जिंगला! माझ्या फोनवरून तिच्या आईला लावला, त्यांना आकडे वाचता येईनात, म्हणून सातवीतल्या भावाला गल्लीतून हाका मारून बोलावलं. पहिला ओटीपी एक्सपायर झाला, दुसऱ्याला पोरानं धापा टाकत सहा आकडे वाचले. सव्वाचारला फॉर्म कन्फर्म झाला. कन्फर्मचं बटण मी तिलाच दाबायला लावलं.

पहिल्या राऊंडला वालचंद सिव्हिल लागलं. फ्रीझ करू नको म्हटलं, सीट ॲक्सेप्ट करून पुढे जा. त्या दिवसांत मला रात्री झोप नीट लागली नाही, कारण सल्ला माझा होता.

दुसऱ्या राऊंडला सीओईपी सिव्हिल लागलं. १८५४ पासूनचं कॉलेज, २०२२ पासून स्वतःच सरकारी विद्यापीठ. तिचा मेसेज आला त्यात फक्त अलॉटमेंटचा स्क्रीनशॉट होता. थोड्या वेळानं काकांचा फोन, आवाज जड झालेला. म्हणाले, "सर, हॉस्टेलला गादी हितनंच न्यावी का तिथं घ्यावी?"