फॉर्मवर उगवलेलं जंगल

त्या कक्षाचे, म्हणजे नकाशावर आखलेल्या जंगलाच्या एका तुकड्याचे, झाडगणनेचे फॉर्म टेबलावर आले तेव्हा आधी डोळ्यांत भरली ती त्यांची स्वच्छता. एप्रिलच्या उन्हात पानगळीच्या जंगलात फिरलेल्या माणसाच्या फॉर्मवर घामाचे डाग असतात, कोपरे दुमडलेले असतात, कुठे 'धावडा' खोडून वर 'लेंडिया' लिहिलेलं असतं. इथे एकही खाडाखोड नव्हती. आकडेही तसेच सुबक. १५ ते ३० सेंटिमीटर घेराची झाडं सर्वांत जास्त, ३० ते ४५ ची त्याहून कमी, पुढे उतरत उतरत १२० च्या वर एखाददुसरं. मिश्र वयाच्या निरोगी जंगलाचा आलेख असाच उतरतो. पण तो शेकडो हेक्टरची बेरीज केल्यावर दिसतो, मोजणीच्या एकेका छोट्या चौकोनात, म्हणजे प्लॉटमध्ये, नाही. प्रत्येक प्लॉट जर शिकवलेल्या आलेखासारखा निघाला, तर काहीतरी चुकतंय.

मी विदर्भातल्या एका वनविभागात कार्य आयोजनेच्या, म्हणजे जंगलाच्या दहा वर्षांच्या आराखड्याच्या, कामावर वनपरिक्षेत्र अधिकारी आहे. बाहेरच्यांना हे काम ठाऊक नसतं आणि खात्यातले बरेच जण ही बाजूला टाकलेली पोस्टिंग समजतात, कारण इथे ना वाघ, ना धाड, ना वर्तमानपत्रात फोटो. मला मात्र खात्यातलं याहून जबाबदारीचं काम माहीत नाही. सरकारी जंगलात पुढची दहा वर्षं कुठल्या कक्षात तोड करायची, कुठे हात लावायचा नाही, बांबू कोणत्या वर्षी काढायचा, रोपवन कुठे, आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या म्हणजे जाळरेषा कुठे, हे सगळं त्या एका ग्रंथात लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर तर मंजूर आयोजनेशिवाय सरकारी जंगलात कूपच, म्हणजे तोडीचा पट्टाच, निघू शकत नाही. राज्याने तयार केलेली आयोजना केंद्राच्या प्रादेशिक कार्यालयाकडून मंजूर व्हावी लागते. म्हणजे माझ्या टेबलावरच्या फॉर्ममधलं एक झाड पुढे नकाशात जातं, नकाशातून कार्यवर्तुळात, म्हणजे एकाच पद्धतीने हाताळायच्या कक्षांच्या गटात, आणि तिथून कुऱ्हाडीखाली.

गणना कशी होते ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच घडतं किंवा बिघडतं. नकाशावर चौकटींचं जाळं टाकून प्लॉटचे मध्यबिंदू आधीच ठरवलेले असतात. माणसाला सोयीची जागा निवडायची मुभा नसते. बिंदू नाल्याच्या कड्यावर आला तर कड्यावर जायचं, करवंदीच्या जाळीत आला तर जाळीत शिरायचं. तिथे खुंटी ठोकून चारही कोपऱ्यांच्या दिशेने २२.३६ मीटर दोरी ओढायची, की ०.१ हेक्टरचा चौकोन तयार. उतार असेल तर दोरी जमिनीला टेकवून चालत नाही. ती आडवी, पातळीत धरावी लागते, नाहीतर प्लॉट लहान होतो आणि हेक्टरी झाडं खोटी ठरतात. घेर १.३७ मीटर उंचीवर मोजायचा. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूला उभं राहून टेप लावायची. दोन खोडांचं दुबेळं झाड त्या उंचीच्या खाली फुटलं असेल तर दोन झाडं, वर फुटलं असेल तर एक. वेल असेल तर आधी वेल बाजूला करायची, टेप तिच्यावरून न्यायची नाही. सालीवर खडूची खूण, म्हणजे तेच झाड दोनदा मोजलं जात नाही. मग छोट्या चौकोनांत रोपं, झुडपं, गवत, आणि ३० सेंटिमीटर खोल खड्ड्यातली माती. चांगली टोळी असेल तर एक प्लॉट सकाळ खाऊन टाकतो. दिवसाला पाच-सहा प्लॉट झाल्याचं कोणी सांगितलं की मी आधी त्यांचे बूट बघते.

उपग्रहाच्या चित्रावर हा कक्ष 'मध्यम घनदाट' दाखवला होता, म्हणजे वरचं छत्र ४० ते ७० टक्के. वरिष्ठांचा या चित्रावर फार जीव. पण उपग्रहाला दिसतो तो वरचा पाला. त्या छत्राखाली उद्याचं जंगल उभं आहे की नाही, हे माणसाने खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

मग फोटो काढून बसले. प्रत्येक प्लॉटच्या मध्यबिंदूवरून चार दिशांचे चार फोटो जोडायचे असतात. दोन वेगळ्या प्लॉटच्या फोटोंत मला एकच वारूळ दिसलं. एकच शेंडा तुटलेला, शेजारी तीच वाकडी बेहड्याची फांदी, फक्त फोटो दोन पावलं सरकून काढलेला. नकाशावर त्या दोन बिंदूंमध्ये एक अख्खा नाला आहे.

पडताळणीला गेलो तेव्हा सोबत माझा सर्वेक्षक, दोन मजूर आणि त्या गावचे एक म्हातारे फायर वॉचर होते. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. वारूळ तर सापडलं, तेही बैलगाडीच्या वाटेला लागून, दोन्ही बिंदूंपासून बरंच अलीकडे. खऱ्या बिंदूवर ना खुंटीचं भोक, ना मातीचा खड्डा, ना एका झाडावर खडू. आम्ही दोरी टाकली, मोजायला लागलो. ऐन, धावडा, बिजा, तिवस, दोन जुने मोह, एक सालई. जवळजवळ सगळी झाडं ६० च्या वरच्या घेराची. सर्वेक्षक आकडे पुकारत होता, मी लिहीत होते, आणि फॉर्मचे पहिले दोन रकाने कोरे राहत होते. १५ ते ३० मध्ये एकही नाही. ३० ते ४५ मध्ये एक तेंदू, तोही वाळवीने खाल्लेला. म्हातारी झाडं उभी, त्यांच्या पायाशी गुडघाभर रोपं, आणि मधली पिढीच नाही.

रोपं मात्र भरपूर होती, आणि त्यांनीच मला जमिनीवर बसवलं. बिज्याचं एक रोप वीतभर उंच, दोन पानांचं. कोणीही म्हणेल गेल्या पावसाळ्यातलं. मी बोटांनी बुंध्याची माती उकरली. जमिनीलगतचं खोड अंगठ्याहून जाड, मूळ मुळ्यासारखं फुगलेलं, आणि कडेला जुन्या कोंबांचे काळे, जळके ठुडगे एकाला एक लागून. ते रोप किती वर्षांचं आहे हे ठरवायला मी काही तासणार नव्हते, पण गेल्या पावसाळ्यातलं ते नक्कीच नव्हतं. दर पावसाळ्यात ते नवा कोंब काढतं, दर उन्हाळ्यात तो जळतो. खाली मूळ मोठं होतं आणि वर झाड काही होत नाही.

मामा बाजूला उकिडवे बसले होते. म्हणाले, "इथं बारीक झाड कोठं राहते जी मॅडम? दरसाल आग येते."

"कोण लावतं मामा?"

"मोहाखालचा पाला नाही जाळला तं फूल दिसत नाही. वेचाले सोपं जाते. मंग हवा सुटली का पुढं जाते तिच्या मनानं."

दोन्ही मोहांच्या खालची जमीन खरोखर काळी होती. आमच्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि मोह टपकतो तो नेमका त्याच्या मधोमध. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरून येणारे आगीचे इशारे आम्हाला मोबाइलवर मिळतात. परतल्यावर मी त्या कक्षाचे मागचे इशारे काढले. मामांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. एवढी माहिती आमच्याच खात्याकडे पडून होती, ती फक्त गणनेच्या फॉर्मशेजारी कोणी ठेवली नव्हती.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगते. आग लागली की 'गावकरी जाळतात' एवढं लिहून फाइल बंद करणारे अधिकारी मी खूप पाहिलेत. मोहफुलावर ज्या घराचे उन्हाळ्याचे महिने निघतात त्या घराला झाडाखाली अंथरायला जाळी द्या, फूल पडायच्या आधी पाला झाडून घ्यायची मजुरी द्या, मग बोला. आणि मामांसारख्यांना फेब्रुवारीत कामावर घेऊन मजुरी पावसाळ्यात देणं हा अन्याय आहे. आग त्यांनी विझवायची, हिशेब आम्ही आरामात करायचा.

ज्याने फॉर्म भरले तो वनरक्षक तरुण आहे. त्याला समोर बसवलं तेव्हा त्याने नाकारलं नाही. स्वतःच्या बीटशिवाय दुसऱ्या एका बीटचा अतिरिक्त कार्यभार, मध्येच वाघाने गाय मारल्याचा पंचनामा, मध्येच निवडणुकीची ड्युटी, आणि गणना संपवायची तारीख वरून आलेली. हे सगळं खरं आहे आणि त्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणाऱ्यांशी मी भांडले. पण एक गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने आकडे कसेही फेकले नव्हते. लहान झाडं जास्त, मोठी कमी, मोह आणि तेंदू योग्य प्रमाणात, बिजा मोजकाच. जंगल कसं असायला हवं हे त्याला पक्कं माहीत होतं. ज्याला इतकं कळतं त्याच्याकडून आम्ही हे करून घेतलं.

वरून सल्ला आला की विभागात इतके प्लॉट आहेत, सरासरीत हे बुडून जाईल, पुढे चला. जुन्या आयोजनेची मुदत संपत आली होती, मुदतवाढ मागायची म्हणजे पुन्हा पत्रापत्री. मी नाही म्हटलं. खोटे प्लॉट सरासरीत बुडत नाहीत, कारण ते सगळे एकाच बाजूला झुकलेले असतात. ते तरुण झाडं वाढवतात, आणि तरुण झाडं आहेत असं धरूनच आपण म्हातारी काढायला परवानगी देतो. शेवटी त्या टोळीचे सगळे प्लॉट पुन्हा मोजायचे ठरले. पावसाआधी जेवढे होतील तेवढे माझ्या टोळीने केले, उरलेले पाणी ओसरल्यावर. नवा आलेख मधोमध खचलेला निघाला.

त्यामुळे तो कक्ष निवड-तोडीच्या कार्यवर्तुळातून काढून सुधारणा कार्यवर्तुळात टाकला. म्हणजे या दहा वर्षांत तिथे मोठ्या झाडांवर तोडीच्या खुणेचा हातोडा पडणार नाही. आगीपासून राखण, जळके ठुडगे जमिनीलगत साफ छाटून एक सरळ कोंब वाढू देणं, वेली काढणं, एवढंच. तांत्रिकदृष्ट्या निर्णय सरळ होता.

ग्रामसभेत तो सरळ राहिला नाही. त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली १,८०९ हेक्टरवर असे हक्क मिळाले तेव्हापासून आमच्या भागातली गावं आपल्या जंगलाचा आराखडा आपण करायचा म्हणतात, आणि कायद्याने ते बरोबर आहे. आमचा ग्रंथ आणि गावाचा आराखडा एकमेकांना न विचारता लिहिले गेले तर दोन्ही कपाटात जातील. म्हणून मी नकाशा आणि दोन्ही आलेख घेऊन गेले, सतरंजीवर पसरले. आलेख समजावून सांगायला वेळ लागला नाही. "म्हातारे हायेत, लेकरं हायेत, जवान कोणीच नाही," असं एका बाईने लगेच म्हटलं. मग तिनेच विचारलं, "कूप नाही निघाला तं मजुरी कोठची? निस्ताराचं लाकूड कोठचं? जंगल राखाचं आमी, आन् काम बी आमचंच जाते?" निस्तार म्हणजे गावाच्या घरगुती गरजा.

माझ्याकडे उत्तर होतं ते अर्धंच. छाटणी, वेलीतोड, जाळरेषा, मोहाखालचा पाला झाडणं, ही कामं गावाला मिळावीत असं मी आयोजनेत वर्षवार लिहिलं. पण आयोजनेत लिहिलेल्या कामाला पैसा येईलच असं नसतं. तोडीचं वेळापत्रक काटेकोर पाळलं जातं, कारण त्यातून महसूल येतो. राखणीच्या कामाला 'निधी उपलब्धतेनुसार' हे दोन शब्द चिकटतात आणि काम तिथेच थांबतं. त्या बाईला मी हे तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मंग लिहून काय फायदा?" सभेत कोणी तिला गप्प बसवलं नाही, मीही नाही.

त्या रात्री मी दहा वर्षांपूर्वीची आयोजना उघडली. त्याच कक्षाचं पान काढलं. तिथेही आलेख सुरेख उतरता होता. ते फॉर्म आता अस्तित्वात नाहीत, ते प्लॉट कोणी मोजले ते कोणाला आठवत नाही. त्या आलेखाच्या भरवशावर मधल्या काळात शेजारच्या कक्षांत कूप निघाले, झाडांवर हातोडा पडला, लाकूड डेपोत गेलं. तेव्हा खरोखर तरुण झाडं होती आणि आगीने गेली, की ती तेव्हाही फॉर्मवरच होती? बुंधे बघत मी शेजारच्या कक्षातून फिरले. बुंध्यांवरून गेलेलं झाड कळतं, न झालेलं झाड कळत नाही.

म्हणून या वेळी त्या प्लॉटचे चारही कोपरे दगडांनी कायमचे बांधून घेतले. प्रत्येक झाडाचा क्रमांक आणि घेर कक्ष इतिहासात, म्हणजे त्या कक्षाच्या कायमच्या नोंदवहीत, नोंदवला, आणि फॉर्मवर आमच्या सहीखाली ग्रामसभेच्या दोन माणसांच्या सह्या घेतल्या. नमुन्यात तसा रकाना नाही, मी हाताने रेघ मारून केला.

गेल्या आठवड्यात तपासणीतून मुद्दा परत आला: मागील आयोजनेनुसार सदर कक्षात पुरेसा वृक्षसाठा असताना तो तोडीतून का वगळला, याचा खुलासा करावा. मी खुलाशाला दोन फॉर्म जोडलेत, स्वच्छ फॉर्म आणि त्याच बिंदूवरचा आमचा मातीने माखलेला. सोबत वारुळाचे दोन्ही फोटो आणि आगीच्या इशाऱ्यांचा नकाशा. उत्तर अजून आलेलं नाही.