ईर म्हणजे पाणी

आमच्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडते, तिकडे १५-१६ जूनला घंटा होते आणि आमची २३ च्या आसपास, कारण ऊन. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि पाऊस लांबला की जूनच्या मधातही टिनाखाली लेकरं बसवायची म्हणजे जीव घाबरतो. पण तो जास्तीचा आठवडा मला लागतोच.

तयारी म्हटलं की सगळे गणवेशाची मापं, पुस्तकांचे गठ्ठे, वर्गसजावट हेच विचारतात. ते होऊन जातं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, हा हिशोब आता झोपेतही येतो. डोक्याची तयारी वेगळी असते, आणि यावर्षी माझ्या डोक्यात एकच पोरगा आहे.

गेल्या वर्षी तो पहिलीत आला, पोडावरून. कोलाम आदिवासींच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही लेकरांना ओवाळलं, फुलं दिली, फुगे बांधले, सगळं अगदी मनापासून केलं. दुपारी तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ईर." मला वाटलं कोणाचं तरी नाव सांगतोय, मी म्हटलं जा बाळा जागेवर बस. बसला. थोड्या वेळानं परत आला, परत तेच, आणि पहिली-दुसरी एकाच वर्गात, समोर तिघं रडत होते, मी त्याला हाताला धरून परत बसवलं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

खिचडी वाढायला आलेल्या स्वयंपाकाच्या मावशी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तो पाणी मांगून राह्यला ना. ईर म्हंजे पाणी." मावशी त्याच पोडावरच्या. मी त्याला माठाजवळ नेलं, त्यानं लागोपाठ दोन गिलास पाणी पिलं, हनुवटीवरून ओघळून नवा शर्ट गळ्यापाशी ओला झाला, आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. दिवाळीपर्यंत तो वर्गात जवळपास बोललाच नाही.

हे मला अजून सलतं. इतकी वर्षं या भागात नोकरी करते, कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांसोबत, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या घरातली द्राविडी भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही, म्हणजे या लेकरासाठी माझी मराठी पहिल्या दिवशी परकीच होती, हा विचार कधी केला नव्हता. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय, मी ते ट्रेनिंगमधे ऐकलं, वहीत उतरवलं आणि वही कपाटात ठेवली.

म्हणून या सुट्टीत दुसरी वही केली. मावशींकडे संध्याकाळी जाऊन बसते, त्या शब्द सांगतात, मी देवनागरीत लिहिते. पाणी, भूक, पोट दुखते, लघवीला जायचं आहे, घरी जायचं आहे. आधी एवढेच, सहा वर्षाच्या लेकराला पहिल्या आठवड्यात एवढंच तर लागतं. अ आ इ ला वर्ष पडलंय.

आणि अजून एक ठरवलंय, हजेरी कमी दिसली तर जीव खाली-वर करून घ्यायचा नाही. पाऊस पडला की पेरणी, सरकी लावायला माय-बाप दोघंही वावरात आणि मोठी पोरगी घरी लहान्याला सांभाळायला. तिला ओरडून ती शाळेत येणार आहे का? मी सकाळी फाट्यावरून येतानाच पोडावरून चक्कर मारीन, लहान्यालाही घेऊन ये म्हणीन, बसू दे वर्गात.

परवा पोडावर गेले तर तोच पोरगा, आता दुसरीत जाणारा, तांब्याभर पाणी घेऊन आला. "मॅडम, पाणी घ्या." मी तांब्या हातात घेतला आणि म्हटलं, "इर."

त्यानं मान हलवली. "ईऽर," तो म्हणाला, लांबवून.

मी परत म्हटलं. त्यानं परत मान हलवली, आणि माझं बरोबर येईपर्यंत तिथून हलला नाही.