डाव्या बाजूची स्लाइड

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या गाठीची सुईतपासणी आली की मी खुर्ची पुढे ओढून बसते. पॅथॉलॉजीत वीस वर्षं गेली, तरी त्या स्मिअरची, म्हणजे काचेवर पसरलेल्या पेशींची, धास्ती गेलेली नाही. दूध तयार करणाऱ्या पेशी मुळातच भीतिदायक दिसतात. केंद्रकं मोठी, त्यांत न्यूक्लिओलसचा ठसठशीत ठिपका, पेशीत दुधाचे बुडबुडे. पेशी फुटून उघडी पडलेली केंद्रकं सगळीकडे विखुरलेली आणि मागे फेसाळ पसारा. बाळंतीण आहे हे माहीत नसेल, तर नवखा डॉक्टर कॅन्सर लिहून मोकळा होईल. म्हणून ठाण्यातल्या सर्जन मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. फॉर्मवर 'डावा स्तन, गाठ' एवढंच खरडतात. बाळ केवढं आहे हे लिहायला किती शाई लागते?

या वेळी ते लिहिलेलं होतं. खाली रेघही ओढलेली होती. 'वय २६, बाळ तीन महिन्यांचं, स्तनपान चालू. डावीकडे गाठ. दुधाची गाठ की गळू?' कळव्याच्या एका नर्सिंग होममधून चार स्लाइड आल्या होत्या, दोन गिम्साच्या रंगाच्या, दोन पॅपच्या रंगाच्या. मोठी केंद्रकं दिसली, बुडबुडे दिसले, फेसाळ पसारा दिसला. मी लिहिलं, 'स्तनपानकाळातले बदल. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावे.' आणि पुढची स्लाइड घेतली.

पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, त्याच नावाची कोअर बायोप्सी आली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, तळाशी तुकडे टिकवणारं फॉर्मॅलिन चमचाभर, त्यात चार बारीक शेवया आणि पाचवी वर काचेला चिकटून वाळलेली. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन लागतं, हे दरवर्षी छापून सगळ्यांना पाठवते. एवढ्या तरुण बाईच्या अंगातून जाड सुईने काढलेला तुकडा वाळून वाया जातो, तेव्हा माझ्या जिवाला लागतं. फॉर्मवर होतं, 'अँटिबायोटिक दिली, चीर दिली, पू नाही. कॅन्सर? ऑपरेशन सोमवारी धरलंय, रिपोर्ट घाईने हवा.'

आमचा टेक्निशियन त्या कामात फार चोख आहे. नेहमीच्या प्रोसेसिंगसाठी रात्र जाते. त्याने छोट्या तुकड्यांचं जलद चक्र लावलं आणि संध्याकाळी स्लाइड हातात दिली. गर्द निळ्या, एकसारख्या, मध्यम आकाराच्या पेशींची चादर. जिकडे बघावं तिकडे विभाजन. त्या निळाईत अधूनमधून फिकट मोठ्या पेशी, मेलेल्या पेशींचा कचरा पोटात घेतलेल्या. चांदण्या पडलेल्या आकाशासारखं हे चित्र पुस्तकात प्रत्येकाने पाहिलेलं असतं. कडेला दूध भरलेल्या दोन-तीन ग्रंथी तशाच जाग्यावर होत्या.

लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, मनात आला. मी सर्जनना फोन लावला. "सोमवारचं थांबवा. मला हा लिम्फोमा वाटतोय. दुसरी बाजू कशी आहे?"

"उजवीकडेही जरा कडक आहे," ते म्हणाले. "पण दूध आहे ना मॅडम."

हा माणूस एरवी फोन उचलत नाही. त्या दिवशी मात्र हुज्जत न घालता त्याने ऑपरेशन रद्द केलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

पेशींची ओळख पटवणाऱ्या मार्करसाठी मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक बाहेर पाठवले. मंगळवारी उत्तर आलं. सायटोकेरॅटिन निगेटिव्ह, म्हणजे नेहमीचा स्तनाचा कॅन्सर बाद. बी-लिम्फोसाइटकडे बोट दाखवणारे सीडी-२० आणि सीडी-१० पॉझिटिव्ह, बीसीएल-२ निगेटिव्ह, विभाजनाची खूण असलेलं केआय-६७ जवळजवळ प्रत्येक पेशीत. बर्किट लिम्फोमा. डेनिस बर्किट या सर्जननं १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन छापलं, तोच हा आजार. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सगळे लिम्फोमा मिळून शंभरात एकही भरत नाहीत. पण गरोदर किंवा पाजत्या बाईचे दोन्ही स्तन एकाच वेळी झपाट्याने वाढले, तर याची आठवण व्हावी, असं आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. याला स्तन काढायचा नसतो. केमो लागते, तीही ताबडतोब, कारण ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते.

खारघरच्या अॅक्ट्रेकला, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्राला, दाखवायला ब्लॉक आणि स्लाइड न्यायच्या होत्या, म्हणून ती बाई स्वतः आली. बरोबर आई, आईच्या खांद्यावर बाळ. पाकीट घेऊन झालं तरी ती उठेना.

"मॅडम, याला पाजू का?"

इतक्या दिवसांत हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "अगं, दुधातून हा आजार बाळाला लागत नाही. पण केमो सुरू झाली की ते औषध दुधात उतरतं, तेव्हा बंद करावंच लागेल. तिथले डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून वरचं दूध."

"उजवीकडंच पितोय बघा तसाही," आई म्हणाली. "डावीकडं तोंड लावत नाही, महिना होत आला. आम्ही म्हटलं दूध गोठलंय. शेकलं, फणी फिरवली, कोबीची पानं बांधली. नर्सबाईंना सांगितलं होतं मी."

महिना होत आला, म्हणजे माझ्या पहिल्या रिपोर्टच्या आधीपासून.

ते गेल्यावर मी जुन्या चार स्लाइड काढल्या. या वेळी काय शोधायचं ते ठाऊक होतं. गिम्सावर बुडबुडे होते, पण त्यांच्याभोवतीचं पेशीद्रव गर्द निळं आणि अगदी चिंचोळं. बर्किटच्या पेशीतही चरबीचे थेंब असतात, दुधाच्या पेशीतही असतात. रंग बघायचा असतो, तो मी बघितला नव्हता. दुधाचा पसारा म्हणून सोडून दिलेल्या मागच्या भागात फिकट निळे गोल तुकडे होते, लिम्फॉइड पेशी फुटल्यावर पडतात ते. दुधातल्या फेसाळ पेशी समजून ओलांडलेल्या पेशींच्या पोटात कचरा होता. दुधाच्या पेशीही होत्याच, म्हणून रिपोर्ट धडधडीत खोटा नव्हता. अर्धा होता.

बाळंतिणीची माहिती फॉर्मवर नसते म्हणून मी इतकी वर्षं तक्रार करत आले. या खेपेला ती होती, आणि तिच्यामुळेच मी आणखी काही शोधलं नाही. उजव्या बाजूचं विचारायला एक फोन पुरला असता. पंधरा दिवस आधी कळलं असतं, तर आजार किती पसरलेला सापडला असता, हा विचार मी अजून करते.

सुधारित रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी लिहिला. सर्जन म्हणाले, "आता त्याची काय गरज? निदान झालंच आहे." तरी लिहिला, पहिल्या रिपोर्टची तारीख घालून, काय दिसलं होतं आणि काय वाचायचं राहिलं ते सगळं. एक प्रत खारघरला पाठवली. दुसरी तिच्या नावाने कळव्याच्या पत्त्यावर.