दिवाळी कधी करता, आणि थँक्सगिव्हिंगला इकडे का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न दोन आहेत, पण येतात ते नेहमी जोडीने. पहिला, "तिकडे अमेरिकेत दिवाळीला सुट्टी नसते ना, मग तुम्ही सण करता तरी कधी?" आणि त्याच्या पाठोपाठ, जरा लाडिक तक्रारीच्या सुरात दुसरा, "तुमच्या त्या आभार मानायच्या सणाला, थँक्सगिव्हिंगला, चार दिवस सुट्टी असते म्हणे, तेव्हा इकडे का नाही येत?" सासूबाई विचारतात, मावशी विचारते, इथे नवीन आलेली जोडपीही विचारतात. फोनवर मी "बघू, जमवू" म्हणून वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे.

आखूड उत्तर हवं असेल तर असं : आमचं थँक्सगिव्हिंग आम्ही दिवाळीच्या बदल्यात देऊन टाकलेलं असतं.

मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. नवरा एका रिटेल कंपनीच्या गोदामातल्या मालाची आवक-जावक बघतो. म्हणजे एकाच्या धंद्याला सणवार कळत नाहीत आणि दुसऱ्याचा धंदाच सणावर चालतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत त्याच्या खात्यात कुणालाही लांब रजा मिळत नाही. याला तिथे 'ब्लॅकआउट' म्हणतात. लग्नानंतर हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, वीज जाणार आहे. नाताळ संपला तरी सुटका नसते, लोक नको असलेल्या भेटवस्तू परत करायला लागतात आणि गोदाम उलट्या दिशेने भरू लागतं.

त्यात थँक्सगिव्हिंग येतं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे २२ ते २८ यांपैकी कुठल्याही तारखेला. तुम्हाआम्हाला त्याने काय फरक पडतो? नवऱ्याला पडतो. सण जितका उशिरा, तितके नाताळच्या खरेदीचे दिवस कमी. २०२४ मध्ये तो २८ तारखेला होता, आणि आमच्या घरात सप्टेंबरपासून त्याचीच चर्चा. ही काळजी जुनी आहे. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि तेव्हाच्या शेवटच्या गुरुवारच्या प्रथेप्रमाणे सण ३० तारखेला येत होता. व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी साफ धुडकावलं, आणि एकाच देशात दोन वेगवेगळ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालं. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. तिथीवरून भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं समजणाऱ्यांसाठी सांगितलं.

आता माझी बाजू. हॉस्पिटलात मोठ्या सुट्ट्यांची पाळी लागते. थँक्सगिव्हिंग, नाताळ, नवीन वर्ष, यांपैकी काही तुमच्या वाट्याला येणारच. सुट्टीच्या दिवशी माणसं कमी असतात, पण बुधवारी खुब्याचा सांधा बदललेल्या आजोबांना गुरुवारी उठवून चार पावलं चालवावंच लागतं, घरी सणाची टर्की ओव्हनमध्ये असो वा नसो. दिवाळी या यादीत नाही. मग आमच्याकडे अदलाबदल चालते. माझ्या खात्यातल्या एका सहकारिणीला थँक्सगिव्हिंगला आईकडे जायचं असतं, मला लक्ष्मीपूजनाला घरी राहायचं असतं. ती माझा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा एखादा वार घेते, मी तिचा गुरुवार घेते. रोस्टर लागायच्या आधी, ऑगस्टमध्येच हा सौदा पक्का होतो. त्यासाठी मला ऑगस्टमध्ये दिवाळीची तारीख माहीत असावी लागते. पंचांग इतक्या निकडीने माझ्या आजीनेही कधी पाहिलं नसेल.

आणि ती तारीखही सरळ नसते. भिंतीवर कालनिर्णय असतंच, कुणीतरी येताना हमखास आणतं, पण त्यातल्या तिथीच्या वेळा भारताच्या. २०२४ मध्ये तर कहरच झाला. तिकडे लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर शास्त्रीपंडितांची जुंपली. महाराष्ट्रात बहुतेकांनी १ तारखेला केलं. इथल्या घड्याळाने मात्र अमावास्या ३१ च्या सकाळी लागून १ तारखेच्या सकाळीच संपत होती. संध्याकाळी अमावास्या हवी तर ती एकच संध्याकाळ होती, ३१ ऑक्टोबरची. हॅलोविनची, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या सणाची.

त्या दिवशी पहाटे आम्ही तिघांनी उटणं लावून अंघोळी केल्या, मुलीने चिरांटं फोडलं (आमच्याकडे चिरांट्याच्या जागी दुकानातली छोटी काकडी असते, चालतं), आणि तिला शाळेत सोडलं ती डायनोसॉर होऊन. संध्याकाळी दारात रांगोळी, दोन पणत्या, आणि आत चौरंगावर पूजा. आरती सुरू झाली आणि दारावरची बेल वाजली. चॉकलेटं मागायला मुलं आली होती. नवरा घंटा खाली ठेवून धावला. दोन कडवी झाली, पुन्हा बेल. शेवटी त्याने सरळ उंबऱ्याशीच आसन मांडलं. एका हातात चॉकलेटांचं टोपलं, दुसऱ्या हातात घंटा. हाडांच्या सापळ्याचा पोशाख घातलेला एक चिमुरडा रांगोळीपाशी येऊन थबकला, खाली बघितलं, आणि आपला पायघोळ झगा दोन्ही हातांनी उचलून एका कडेने अलगद आत आला. त्याच्या आईने बाहेरून विचारलं, हे सगळं हॅलोविनसाठी का? नवरा म्हणाला, हो, आजच्यापुरतं. मला तेव्हा राग आला होता. नंतर वाटलं, तीस मुलं रांगेत उभी असताना समुद्रमंथन कुठून सांगत बसणार.

या सगळ्यातून आमचा एक नियम तयार झाला. देवाचं तिथीला, माणसांचं शनिवारी. अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याची ओवाळणी ज्या दिवशी असेल त्याच दिवशी, कितीही छोटी झाली तरी. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायला अर्धा तास लागत नाही. तो कामावरून रात्री साडेनऊला आला तर साडेनऊला. पण चार घरची माणसं जेवायला बोलावणं, मंडळाचा कार्यक्रम, पोरांच्या फुलबाज्या हे शनिवारी, मग तो शनिवार दिवाळीच्या आधीचा असो की नंतरचा. मंडळाला शाळेचा हॉल भाड्याने मिळतो तो शनिवार खरा. फुलबाज्यांवरून आठवलं, न्यू जर्सीत त्या २०१७ पर्यंत बेकायदा होत्या. आता जमिनीवर राहणारी किंवा हातात धरायची साधी रोषणाई चालते. बाण आणि सुतळी बॉम्ब अजूनही नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

"आता तर तिकडे दिवाळीची सुट्टीपण देतात," असंही कुणी कुणी ऐकवतं. खरंय. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळू लागली, आमच्या भागातल्या बऱ्याच शाळा तर त्याआधीपासून एक दिवस बंद असतात. पण शाळेला सुट्टी म्हणजे आईबापाला सुट्टी नव्हे. उलट त्या दिवशी मुलीला सांभाळायचं कुणी, हा नवा प्रश्न. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं आणि शाळा गुरुवार-शुक्रवार बंद राहतात. २०२३ मध्ये वसुबारस आणि धनत्रयोदशी नेमक्या त्या दोन दिवसांत आल्या. लेक घरी, आम्ही दोघं कामावर, आणि ती दिवसभर शेजारच्या गुजराती काकूंकडे. परत आली ती रंगांनी माखून, काकूंच्या अंगणात तिने गाय काढली होती. माझ्या मते तीच त्या वर्षीची आमची खरी वसुबारस.

आमचा दोघांचा म्हणून जो वेळ असतो तो या सणांच्या दिवशी नसतोच. तो असतो त्याआधीच्या पंधरा दिवसांत, रात्री नऊनंतर, चकल्यांच्या वेळी. भाजणी सासूबाईंनी दिलेली असते, उन्हाळ्यात कुणी आलं की पिशवीतून येते आणि फ्रीजरमध्ये राहते. मी उकड काढते, पीठ मळते. सोऱ्या फिरवायचं काम त्याचं, कारण पीठ घट्ट असलं तरच काटा येतो आणि घट्ट पीठ दाबायला माझ्या मनगटात तेवढा जोर नाही. (दिवसभर दुसऱ्यांची मनगटं ठीक करणाऱ्या बाईने हे बोलू नये, पण आहे असं.) तळण घरात केलं की धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून गॅरेजचं दार अर्धं उघडून तिथे इंडक्शनची शेगडी मांडतो. बाहेर थंडी, आत तेल. तो वर्तमानपत्राच्या कागदावर चकली पाडतो, मी उलथन्याने उचलून सोडते. पहिली चकली हमखास हसते, तेलात सुटून तिचे तुकडे होतात. मग पिठात आणखी चमचाभर भाजणी, आणि दुसरी चकली चोख.

दोघांचेही हात पिठाने आणि तेलाने माखलेले असतात, त्यामुळे फोन कुणालाच उचलता येत नाही. त्याच्या गोदामातून येणारे मेसेज शेल्फावर बडबडत राहतात. याच वेळात आम्ही बोलतो. घराच्या हप्त्याचं, त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं, मुलीची गणितात दांडी उडाली त्याचं, आणि कधी कधी परत जायचं का, याचंही. तो विषय दर वर्षी निघतो. एकदा तर सगळा घाणा करपेपर्यंत चालला होता. निर्णय झाला नाही, चकल्या मात्र काळ्या झाल्या आणि आम्ही त्या चिवड्यात चुरून खपवल्या.

फराळाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे अनारसे आणि बेसनाचे लाडू, भारतातून डब्यात येतो. २०२५ मध्ये त्याचीही पंचाईत झाली. अमेरिकेने ऑगस्टअखेर ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची जकातमाफी काढून घेतली, त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने इकडची पार्सलं काही आठवडे थांबवली. ती ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाली, आणि दिवाळी होती त्याच आठवड्याच्या अखेरीस उंबऱ्यावर. सासूबाईंचा डबा आम्हाला मिळाला तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. "अनारसे मऊ पडले असतील गं," असं त्या तीनदा म्हणाल्या. पडले होते. आम्ही संपवले.

भाऊबीज व्हिडिओ कॉलवर होते, हे वेगळं सांगायला नको. पण एक गंमत सांगते. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात आणि भारताशी असलेलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. २०२४ ची भाऊबीज त्याच रविवारी आली, ३ नोव्हेंबरला. भावाला सांगितलं होतं, आमचे सकाळचे आठ. त्याने नेहमीच्या हिशेबाने साडेपाचला पाट मांडला, टोपी घातली आणि बसला. आमचे आठ वाजले तेव्हा त्याच्याकडे साडेसहा. मधल्या तासात त्याने माझ्या नावाचं सगळं ताट फस्त केलं होतं, आणि वर ओवाळणीतून दोनशे रुपये उशिराचा दंड म्हणून कापले.

राहिलं थँक्सगिव्हिंग. गुरुवारी मी कामावर असते. त्या दिवशी वॉर्डात एक वेगळाच सलोखा असतो. ज्यांना घरी सोडता आलं ते गेलेले असतात, उरलेल्यांकडे नातेवाईक डबे घेऊन येतात, आणि पेशंट चालायला कुरकुर न करता उठतात, कारण नातवंडं बघत असतात. संध्याकाळी आम्ही तीन घरं एकत्र जेवतो. टर्की कुणी करत नाही. मी लाल भोपळ्याचे घारगे करते. इथे एक सूचना : हॅलोविनला कोरायला जो मोठा नारिंगी भोपळा मिळतो, त्याचे घारगे करायला जाऊ नका, तो पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो. बटरनट नावाचा भोपळा घ्या. नवरा जेवणाच्या मध्येच उठून फोनवर जातो आणि शुक्रवारी पहाटे, लोक सेलसाठी दुकानांपुढे रांगा लावायच्या आत, निघून गेलेला असतो. तुम्ही म्हणता ती चार दिवसांची सुट्टी ही अशी.

मग आता तुम्ही पुढचं विचाराल, "मग आम्हीच येतो, कधी येऊ?" सगळे उन्हाळ्यात येतात, मे-जूनमध्ये. माझं ऐका, सप्टेंबरच्या अखेरीस या. झाडं रंगू लागलेली असतात, थंडी स्वेटरपुरती असते, आणि नवऱ्याचा ब्लॅकआउट अजून लागलेला नसतो, त्यामुळे एखादा शनिवार-रविवार तो तुमच्याबरोबर डोंगरात येऊ शकतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दिवाळी पुढे गेलीये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. माझ्या सहकारिणीशी या वेळी सौदा करायचीही गरज नाही पडणार कदाचित. तेव्हा तिकिटं परतीची नोव्हेंबरच्या मध्यावरची काढा. येताना भाजणी आणा, उटणं आणा, आणि जमलं तर खरी चिरांटी. विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं, ते मी तुम्हाला फोनवर सांगते.