सिगारेट सोडायला निघालो, तर केंद्रालाच कुलूप

मी बंदरावर लिलावाच्या नोंदी लिहितो. पहाटे ट्रॉलर लागेपर्यंत जेटीवर ताटकळायचं म्हणजे सिगारेट, बर्फाची गाडी उशिरा आली की आणखी एक. म्हणून सोडायचा दिवस विचार करून १ जून धरला. त्या दिवसापासून मासेमारी बंद, लिलाव बंद, जेटीवर चिटपाखरू नाही. टपरीवरची उधारी मिटवली, लायटर बायकोच्या ताब्यात दिले. इथपर्यंत सगळं सरळ.

अडलं ते सरकारी रुग्णालयात. तिथे तंबाखू मुक्ती केंद्र आहे असा मोठा फलक फाटकावरच आहे. केसपेपरच्या खिडकीवर सांगितलं, "सिगारेट सोडायचीय." बाईंनी मागे वळून दुसरीला विचारलं, "ह्यांका खंय टाकू गो?" टाकलं छातीच्या विभागात. तिथून दातांच्या विभागात, दातांकडून मानसोपचारात. तिथला शिपाई म्हणाला, "ता दाताच्याच बाजूक असा, जिन्याखाली." जिन्याखाली खोली होती, वेळेचा कागद होता आणि दाराला कुलूप होतं.

"मॅडम खंय?"

"रॅलीच्या तयारीक गेल्यात. ३१ मेक तंबाखूविरोधी दिन नाय!"

तंबाखू सोडा म्हणून गावभर सांगायला माणसं बाहेर, आणि सोडायला आलेला बाकावर. भिंतीवर काळ्या फुप्फुसांचं चित्र. ते बघत बसल्यावर जी तल्लफ आली, तशी जेटीवरही कधी येत नाही. आवारात ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड, म्हणून फाटकाबाहेर गेलो. पुढच्या खेपेला कुलूप नव्हतं, पण खोलीत बॅनरांचा ढीग आणि "आता रॅली झाल्यावरच येवा." रॅली ३१ला, माझा दिवस १ जून. आदल्या दिवशी रॅली संपायची वाट बघत मी त्याच बाकावर बसून राहिलो. मॅडम आल्या त्या टोपी आणि घोषणांच्या फलकासकट. मी उठलो नाही म्हणूनच माझं काम झालं. जाणार असाल तर मे महिन्याचा शेवटचा आठवडा सोडून जा.

मॅडम मात्र कामाच्या निघाल्या. पहिलाच प्रश्न, "उठल्यावर पहिली किती वेळात?" अर्ध्या तासाच्या आत असेल तर सिगारेटऐवजी चावायची निकोटीनची गोळी ४ मिलिग्रॅमची, त्यानंतर असेल तर २ची. ती च्युइंगमसारखी कचाकचा नाही, हळू चावायची. झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा हळू चावायची. त्याआधी पाव तास आणि ती तोंडात असताना चहा नाही, कोकम सरबत नाही, सोलकढी नाही. आंबट किंवा चहा-कॉफी घेतली की निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही. ऐन उन्हाळ्यात आमच्या माणसाला हे सांगायला धाडस लागतं.

तल्लफ काही मिनिटांची असते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा पटलं नाही. घड्याळ लावून बघितलं, खरं आहे. तेवढ्यात घोटघोट पाणी प्यायचं, किंवा जागा सोडून चालायला लागायचं. पहिले तीन-चार दिवस वाईट. मी घरात कोणाशी धड बोललो नाही, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

तोंडात काहीतरी हवं म्हणून सुपारी धरू नका. आमच्याकडे ती दारातच वाळत असते, पण तिनेही कर्करोग होतो. बडीशेप, लवंग चालते.

आणखी एक, चहा निम्म्यावर आणा. सिगारेट थांबली की कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं, मग झोप उडते आणि दोष तल्लफेला जातो.

सिगारेटच्या पाकिटावरच सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. कुलूप भेटलंच तर बाकावर बसून तो लावा.

ऑगस्टमध्ये बोटी परत पाण्यात गेल्या, तेव्हा गोळ्यांची पट्टी खिशात होती, लागली कमी. मला धास्ती होती ती गणपतीची. मुंबईहून चुलतभाऊ येतात, रात्रभर भजन, आणि दर दोन अभंगांनंतर सगळे पडवीबाहेर धूर काढायला. त्याची सोयही जूनमध्येच करून ठेवली होती. बुवांना सांगून झांजा मागून घेतल्या. दोन्ही हात अडकतात, आणि मध्यंतरात त्या पुसायचं काम आपल्याकडेच घ्यायचं.