तांबडी सुर्लचं मॉडेल: ब्लेंड फाइलींना लॉक लागले

गोव्यातल्या तांबडी सुर्लच्या महादेव मंदिराचं थ्रीडी मॉडेल आम्ही मित्र मिळून बनवतोय. या खेपेला मॉडेलिंग थोडं आणि फाइलींची व्यवस्था जास्त झाली. पण ब्लेंडरवर (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) दोघा-तिघांनी मिळून काम करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

कोडच्या फाइलीत दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्या जुळवून घेतं. ब्लेंड फाइल, म्हणजे ब्लेंडरची फाइल, बायनरी; ती अशी ओळीओळीने जुळवता येत नाही. तिथे एकाचं काम ठेवायचं आणि दुसऱ्याचं सोडून द्यायचं, एवढाच मार्ग उरतो. कदंबकाळातल्या या मंदिराच्या खांबावरचा हत्ती घडवायला कित्येक संध्याकाळी जातात. तो असा वाया जाऊ द्यायचा नाही.

गिट एलएफएसमध्ये, म्हणजे मोठ्या फाइलींसाठीच्या गिटच्या जोडीत, लॉकची (एका वेळी एकानेच फाइल बदलायची) सोय २०१७ च्या २.० आवृत्तीपासून आहे. ब्लेंड फाइली ट्रॅक करताना लॉकेबल पर्याय दिला की गिटअॅट्रिब्युट्स या गिटच्या सेटिंगच्या फाइलीत नोंद होते आणि लॉक न घेतलेल्याच्या मशीनवर फाइल रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) राहते. माझ्या मते खरं काम हेच करतं. ब्लेंडर फाइल उघडतो, मंडप सगळ्या बाजूंनी फिरवून बघू देतो, पण सेव्ह दाबलं की फाइलवर लिहिता येत नाही असं तिथल्या तिथे सांगतो. पुशच्या वेळीही (काम सर्व्हरवर पाठवताना) लॉक तपासले जातात, पण तोवर माणसाची मेहनत होऊन गेलेली असते.

एक फट मात्र राहते. लॉक मिळाला म्हणजे आपल्याकडची फाइल ताजी आहे असं नव्हे. फोंड्याच्या मित्राने काम पुश करून लॉक सोडला आणि मी पुल न करता, म्हणजे सर्व्हरवरचं ताजं काम न आणता, लॉक घेतला, तर मी जुन्याच छतावर कोरत बसेन. ब्रँच (कामाची समांतर शाखा) वेगळी असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून आमचा नियम: आधी पुल, मग लॉक, आणि काम मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज झाल्याशिवाय अनलॉक नाही.

कमिट, म्हणजे बदलांची नोंद, नेटशिवाय होतं, लॉक होत नाही. तो सर्व्हरवरच बसतो. वाळपईच्या मित्राकडे पावसात नेट गेलं की पंचाईत. तो आता नेट असतानाच हव्या त्या फाइलीचा लॉक घेऊन ठेवतो आणि ग्रुपवर कळवतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो फाइल फोडल्याने. आधी अख्खं मंदिर एकाच फाइलीत होतं, त्यामुळे एकाचा लॉक म्हणजे बाकीच्यांना सुट्टी. आता गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांच्यामधला भाग), शिखर, मंडपाचे खांब, छतातलं कमळ आणि शिर नसलेला नंदी अशा वेगळ्या फाइली आहेत. जोडणीच्या फाइलीत त्या रिलेटिव्ह पाथने (त्या फाइलीपासून मोजलेल्या पत्त्याने) लिंक केल्यात, त्यामुळे तिला हात क्वचितच लागतो.

सध्या खांबांचा लॉक माझ्याकडे, कमळाचा फोंड्याला. शिखराची फाइल मोकळी आहे. बेसॉल्टचं टेक्स्चर ठरलं की वाळपईकर ती घेईल.